उसना गळा

ही घडलेली गोष्ट आहे. कोणाला खोटी वाटली तर त्याने खुशाल खोटी म्हणावी, माझी हरकत नाही. पण हे ज्या बाईच्या डोळ्यांसमोर घडलं ती माझी आई, आणि माझ्या आईला थापा मारता येत नाहीत. साधं शेजारणीला 'साखर संपली' म्हणताना तिची जीभ अडखळायची.

आणखी एक. अशा गोष्टी अमावास्येच्या रात्री घडतात म्हणे. ही भर दुपारी घडली.

एकोणीसशे सदुसष्ट साल. चैत्राचं ऊन. मलकापूर स्टेशनाजवळ एका बंद पडलेल्या, सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात नाटक कंपनीचा तंबू लागला होता. त्या कंपनीत माझी आत्या होती, कोकिळा.

आत्या जानेफळची. शेतकऱ्याची पोर. भजनात गायची तेव्हा आवाज बारीक, उंच, पार शिवारापर्यंत जायचा. त्या आवाजाच्या जोरावर ती एक दिवस घर सोडून मुंबईला पळाली. तिथे एका हॉटेलात बँडसोबत गाऊ लागली. कॅबरे म्हणत त्याला. चमचमता झगा, हातात माईक, समोर टेबलं, सिगरेटचा धूर. तीन-चार हिंदी सिनेमांतही ती दिसली. खलनायकाच्या अड्ड्यावर एक गाणं म्हणायचं आणि गोळीबार सुरू झाला की पळायचं, एवढाच पार्ट. पुढे हॉटेलाला तरण्या पोरी मिळाल्या आणि आत्याला निरोप मिळाला.

मग रंगरावने तिला आपल्या कंपनीत आणलं. त्याच्या नाटकात हॉटेलातल्या गाण्याचा एक सीन होता, आणि खेड्यापाड्यातलं पब्लिक त्या सीनसाठीच येई. 'मुंबईच्या हॉटेलातली खरी गाणारी!' असं टांग्यावर भोंगा लावून तो गावभर ओरडत फिरायचा. त्याला लाज म्हणून नव्हतीच.

जानेफळने आत्याचं नाव टाकलं होतं. आजोबा कोणी विचारलं तर म्हणत, "आमाले एकच पोरगा हाये." आजी, रुक्मिणीबाई, काही म्हणत नसे. ती नुसती वाट बघायची. वाट बघता बघता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. समोरचं माणूस ती आवाजावरून ओळखायला लागली.

आजोबा वारले, आणि त्या चैत्रात माझी आई सत्यभामा हिने डोकं चालवलं. मलकापूरला दुपारी बायकांसाठी खास खेळ होता. सून डोळे दाखवायला नेते, असं आजीनेच घरात सांगितलं आणि दोघी एस.टी.त बसल्या. आधी आजीचा निरोप कंपनीत पोचला होता.

"मले दिसत नाई. पन आयकू येते. तिचं गानं आयकीन, मंग तिले घरी घेऊन जाईन."

आत्याने हा निरोप ऐकला आणि रडली. इतकी वर्षं ती याच्यासाठीच झुरत होती.

आणि नेमका त्याच आठवड्यात तिचा घसा बसला.

हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, गळ्याला शेक झाला. काही उपयोग नाही. खेळाच्या दिवशी दुपारी तोंडातून नुसती हवा येत होती.

"गानं गाळू," रंगराव म्हणाला. "नुसतं नाचा. बायकाच त् हायेत."

"नाई," आत्या कुजबुजली. "गानं होईन."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. कंपनीच्या रंगपटात, म्हणजे जिथे बायका तोंड रंगवतात तिथे, उसनवारी दिवसभर चाले. हिची बांगडी, तिचा खोटा अंबाडा, कोणाची टाचणी. पण एक रीत पक्की होती. मागताना म्हणायचं, 'आजच्या खेळापुरतं.' हे म्हटलं नाही, तर वस्तू कायमची दिली असं धरत. वच्छलाबाई नावाची जुनी नटी होती, तिची नथ अशीच गेली. नेणारी म्हणाली, "म्या कुठं खेळापुरती मागतली?" रंगरावनेही निकाल नेणारीच्याच बाजूने दिला. तेव्हापासून पिन मागतानासुद्धा बायका ते शब्द विसरत नसत.

त्या दुपारी रंगपटात आत्या एकटी होती. बाकीच्या कनातीच्या फटीतून गर्दी बघायला गेल्या होत्या.

बाहेर बायकांचा कलकलाट. आत मात्र...

काहीच नाही. कनातीचं कापडही हलत नव्हतं.

समोर खांबाला एक आरसा टांगलेला होता. तो विमलबाईचा. हॉटेलातल्या गाणारीचा पार्ट आत्याच्या आधी विमलबाई करायची. आवाज खालच्या पट्टीचा, जाड, घोगरा. अंगावर काटा आणणारा. आदल्या वर्षी लोणारच्या मुक्कामात कावीळ झाली आणि गेली. अठ्ठावीस वर्षांची होती. गाताना घशासाठी गालात कंकोळाचा मिरीसारखा दाणा धरायची, त्याचा वास लांबून यायचा म्हणे.

पहिली घंटा झाली.

आत्या घाबरली. तिची आई तंबूत येऊन बसली असेल. तिने आरशाला हात जोडले.

"विमलबाई, माही माय आली हो. तुमचा गळा द्या मले."

एवढंच म्हणाली. पुढचे दोन शब्द राहिले.

घाईत राहिले. रोजची सवय, आणि नेमक्या त्या क्षणी जिभेवर आले नाहीत.

आरशात तिचाच चेहरा होता. दुसरं कोणी नव्हतं.

पण तोंडात...

तोंडात कंकोळाची चव होती.

तिने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

पडदा उघडला. हॉटेलचा सीन आला. आत्या चमचमत्या झग्यात उभी राहिली. समोर बायकाच बायका, पदराने वारा घेणाऱ्या. तिसऱ्या रांगेत माझी आई, आणि तिच्या शेजारी आजी. हनुवटीखाली हात, मान कललेली. ऐकायला बसलेली.

पेटीवर निवृत्ती होता. त्याने आत्याची नेहमीची उंच पट्टी, काळी पाच, धरली.

तेवढ्यात मालगाडी आली.

स्टेशनाजवळचा तंबू, त्यामुळे याची सवय होती. गाडी आली की बाईने हसत उभं राहायचं, पेटी चालू ठेवायची, शेवटचा डबा गेला की गाणं उचलायचं. आत्या हसत उभी राहिली. डब्यांमागून डबे गेले. खडखडाट कमी होत गेला...

आणि तिला ऐकू आलं.

गाणं आधीच सुरू झालेलं होतं.

जाड, घोगरा आवाज. तिच्याच छातीतून येत होता.

निवृत्तीची बोटं एका क्षणाला अडली. मग आपोआप खाली सरकली, विमलबाईच्या पट्टीवर. त्याने मान वर करून पाहिलं. तोंडाचा रंग उडालेला.

समोरच्या काही बायकांनी आदल्या वर्षी हाच खेळ बघितला होता. त्यांचे पदर थांबले. कुठेतरी एक लेकरू किंचाळून रडायला लागलं.

आत्याने तोंड मिटायचा प्रयत्न केला.

कडवं संपेपर्यंत ते मिटलं नाही.

टाळ्या मात्र अशा पडल्या की रंगराव विंगेत नाचायला लागला. आत्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. माझी आई टाळ्या वाजवत होती. आजीचे हात मांडीवर होते. ती मान इकडून तिकडे फिरवत होती, कोणाला तरी शोधत असल्यासारखी.

आत आल्यावर वच्छलाबाईने आत्याचा दंड धरला.

"तिच्याजोळ मागतलं काय तू?"

आत्याने मान डोलावली.

"खेळापुरतं म्हनलं ना?"

आत्याने आरशाकडे पाहिलं. वच्छलाबाईने हळूच हात काढून घेतला आणि दोन पावलं मागे सरकली.

"बोल बाई. म्हनलं ना?"

"नाई," आत्या म्हणाली.

म्हणाली, आणि स्वतःच दचकली. घसा मोकळा होता. शब्द स्वच्छ होता. पण आवाज तिचा नव्हता.

खेळ संपला. तंबूच्या मागच्या बाजूला, कापसाच्या जुन्या गाठींच्या सावलीत, माझी आई आजीला घेऊन आली. आत्याने ठरवलं होतं, बोलायचंच नाही. नुसते पाय धरायचे. घसा बसलाय, असं वहिनीला खुणेने सांगायचं.

तिने पाय धरले. आजी खाली वाकली, चाचपडत.

"कोकिळे? तूच हाये ना व? मंगाशी तुह्यं गानं काऊन नाई झालं? ते दुसरीच कोन्तरी गाऊन राह्यली होती."

आत्याने पाय आणखी घट्ट धरले.

"बोल ना माय. एक डाव 'माय' म्हन. तेवढं आयकासाठी आली म्या."

आत्याला राहवलं नाही. कोणाला राहवलं असतं?

"माय..." ती म्हणाली.

आजीचे हात जागच्या जागी थांबले.

"बाई," ती अदबीने म्हणाली, "तुमी कोन? माह्या लेकीले जरा बोलवता काय?"

"अवो माय, कोकिळाच हाये ना ते!" माझी आई हसली. पण तिच्याही अंगावर काटा आला होता. नणंदेचा आवाज तिने लग्नाच्या वेळी ऐकलेला होता, भजनातला, बारीक.

आत्या रडत सांगू लागली. विहिरीजवळच्या जांभळाचं सांगितलं. कपिला गाय व्याली तेव्हा दोघी रात्रभर गोठ्यात बसल्या होत्या, ते सांगितलं. आजी तापाने फणफणली असताना आपण केलेली जळकी भाकर, तीही सांगितली. घरच्या दोघींशिवाय कोणाला ठाऊक नाही असं सगळं.

जाड, घोगऱ्या आवाजात.

जसजसं ती सांगत गेली, तसतशी आजी मागे सरकायला लागली. परक्या बाईला हे सगळं कसं ठाऊक?

"माय, म्याच हाये. हात लावून पाह्य." आत्याने आजीचे दोन्ही हात ओढून आपल्या तोंडावर ठेवले.

बोटं फिरू लागली. कपाळावरून. नाकावरून. कानांच्या पाळ्यांवरून. हनुवटीखाली लहानपणी जात्यावर पडून झालेल्या खोकेचा वण होता, तिथे येऊन थबकली. परत फिरली. परत थबकली.

आजीचा चेहरा क्षणभर उजळला.

"तोंड त् माह्या लेकीचंच हाये," ती पुटपुटली.

आणि मग तिने हात असे झटकन मागे घेतले की माझी आई आजही ते सांगताना स्वतःचे हात मागे घेते.

"मंग आत कोन हाये?"

त्याच संध्याकाळच्या गाडीने दोघी जानेफळला परत गेल्या. आत्या स्टँडवर उभी होती. एस.टी. सुटेपर्यंत तिने तोंडातून शब्द काढला नाही.

पुढे ती एकदा लोणारला गेली. विमलबाईला जिथे जाळलं ती जागा वच्छलाबाईने दाखवली. तिथे उभं राहून आत्या म्हणाली, "घ्या विमलबाई, तुमचं तुमाले परत."

त्याच आवाजात म्हणाली.

काही झालं नाही. वारासुद्धा आला नाही.

त्या आवाजाने तिचं नाव मात्र झालं. खामगाव, अकोला, पार नागपूरपर्यंत कंपनीला बोलावणी आली. लोक म्हणायचे, काय गळा आहे! ती हसायची. आजी मरेपर्यंत दारात कोणाची चाहूल लागली की विचारायची, "कोकिळा आली काय?" एकदा आत्या खरंच आली होती. अंगणात उभी राहिली, आजीला बघितलं. "कोन हाये?" असं आजीने विचारलं, तेव्हा उत्तर न देता निघून गेली. माझ्या आईने खिडकीतून बघितलं, आणि हाक मारायची हिंमत तिलाही झाली नाही.

आत्या आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. मलकापूरला एकटी राहते. मी अधूनमधून जातो, डबा नेतो. हात थरथरतात, दात गेलेत, पाठ वाकली आहे.

आवाज मात्र अठ्ठावीस वर्षांच्या बाईचा आहे.

परवा गेलो तेव्हा ती खाटेवर गाढ झोपली होती. मी डबा ठेवला आणि निघालो. दाराशी पोचलो, तेव्हा मागून आवाज आला, एकदम स्वच्छ...

"बस ना रे. ते झोपली हाये."