बिनकव्हरची जाळी

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. स्कॅन मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, आणि माणूस माझा सख्खा मेहुणा आहे. पोटाचा डॉक्टर. घडलं तेही भर दुपारी, हॉस्पिटलच्या दुर्बिणीच्या खोलीत.

आधी कात्रीमावशीबद्दल सांगायला हवं.

ती शिवणकाम करायची. पित्ताशयाच्या ऑपरेशनची जखम भरताना तिची पित्तनळी आक्रसली. कॅन्सर वगैरे काही नव्हता. अशा नळीत धातूची जाळी घालून ती रुंद करतात आणि काही महिन्यांनी जाळी काढून घेतात. म्हणून अशा जाळीला कव्हर लागतं. बिनकव्हरच्या जाळीत मांस शिरतं, मग ती निघत नाही. ती कॅन्सरवाल्यांसाठी असते, कायमची ठेवायला.

टेबलावर झोपताना मावशीने हसत माझ्या मेहुण्याला विचारलं, "डॉक्टर, शिवलेलं उसवता येईल ना?"

"येईल हो मावशी!"

मावशीला भूल चढली. कपाट उघडलं तर कव्हरवाली जाळी संपलेली.

"सर, उद्या मागवू या का?" सिस्टर म्हणाली.

"उद्यावर कशाला ढकलायचं? ही बिनकव्हरचीच द्या. काही होत नाही."

त्याने वेळ मारून नेली.

काही महिन्यांनी त्याने चिमट्याने जाळी ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली, रक्त आलं. मग ती तुंबली. कावीळ, हुडहुडी, ताप. घरच्यांना त्याने सांगितलं, "त्यांचं शरीरच साथ देत नाही."

मावशीने ते ऐकलं होतं.

पिवळ्याधमक डोळ्यांनी तिने त्याला जवळ बोलावलं. "खोटारड्या... माझं उसवलं नाहीस ना? थांब. आता तुझ्यात शिवते."

त्याच दिवशी ती गेली.

पुढच्या आठवड्यात दुपारी तो दुसऱ्या पेशंटला तपासत होता. मशीनची घरघर चालू होती.

ती अचानक थांबली...

कच... कच... कच...

"कात्री कोण चालवतंय?" तो खेकसला.

सिस्टर बघतच राहिली. "सर, इथे कात्री नाहीच."

त्याने एक्स-रेच्या पडद्याकडे पाहिलं. पेशंटच्या पोटात जाळी होती. या पेशंटला जाळी कधी घातलीच नव्हती!

जाळी सरकू लागली... हळूहळू... पडद्याच्या कडेला...

तो उभा होता त्या बाजूला.

आणि दिसेनाशी झाली.

संध्याकाळी त्याच्या अंगाला खाज सुटली. दोन दिवसांनी माझी बायको म्हणाली, "दादा, डोळे बघ रे तुझे... पिवळे झालेत."

स्कॅन केला. त्याच्या पित्तनळीत धातूची जाळी होती. बिनकव्हरची. मांसात पार रुतलेली.

त्याच्या पोटाला तोवर कुणी हात लावलेला नव्हता.

त्याच्याच डॉक्टर मित्राने चिमटा लावून ओढून पाहिलं. निघाली नाही. "बघू, काहीतरी करू," मित्र म्हणाला. हे वाक्य पेशंटला कधी सांगतात, ते मेहुण्याला पक्कं ठाऊक होतं.

काल मी भेटायला गेलो. नुसता सापळा उरलाय. त्याने माझा हात घट्ट धरला.

"मावशीच्या घरच्यांना सगळं खरं सांगितलं. पाया पडलो त्यांच्या. आता तरी उसवेल ना रे ती?"

मी मान हलवली आणि उठलो.

दारात पोचलो, तेव्हा मागून आवाज आला...

कात्रीचा नव्हता.

शिलाई मशीनचा होता. ती अजून शिवतच होती.