सतरावी तळटीप

“चार वाजता समिती बसतेय,” यिल्डाउ म्हणाली. “मी चोर ठरले की उद्याचा पदवीचा समारंभ रद्द. चार वर्षं पाण्यात.”

रिक्स्त टेर्प्स्ट्राने तिच्यापुढे कॉफी सरकवली. विद्यापीठांतल्या भांडणांचा खासगी तपास हा रिक्स्तचा धंदा होता. तिचा दीर बाउके, टपालखात्यातून निवृत्त झालेला, सोबत असायचा आणि सगळं दोनदा विचारायचा.

यिल्डाउचा प्रबंध समुद्राला अडवणाऱ्या बांधांवर होता. तो तिने जूनमध्ये दिला. मे महिन्यात तिच्याच मार्गदर्शकांचा, प्राध्यापक एस्केन्स यांचा, लेख छापून आला होता. प्रबंधातली बारा पानं त्या लेखाशी शब्दन् शब्द जुळत होती.

“म्हणजे लेख आधीचा,” बाउके म्हणाला.

“छापून आधी आला, काका. लिहिलं मी आधी. प्रत्येक प्रकरण कागदावर काढून सरांच्या हातात द्यायचे. त्यांना मेल आवडत नाही. पुरावा काही नाही.”

“त्यांचा लेख वाचलास?” रिक्स्तने विचारलं.

“धीर झाला नाही. समितीच्या नक्कल पकडणाऱ्या मशीनचा अहवाल तेवढा पाहिला.”

“मशीन टिपा वगळून मजकूर जुळवतं,” रिक्स्त म्हणाली आणि कोट चढवून उठली.

सरांचा सहायक वाउटर तोऱ्यात होता. “लेख मीच टाइप केला, फेब्रुवारीत. महिनाभर माझ्या टेबलावर पडला होता. यिल्डाउ याच खोलीत बसते. आता काय ते समजून घ्या!”

“तळटिपाही तुम्हीच केल्या?”

“छे! त्या मासिकाला तळटिपेत लेखकाचं पूर्ण नाव लागतं, स्वल्पविराम हलला तरी लेख परत. टिपांना सर कुणाला हात लावू देत नाहीत.”

एस्केन्स मात्र मऊ बोलले. “पोरगी हुशार आहे हो. घाईत घसरली. मला वाईट वाटतंय.”

“तुम्ही लेख कधी लिहिलात?”

“दोन वर्षं झाली. वाचनालयात आठवडाभर ब्रान्ड्स्माचं पुस्तक समोर ठेवून लिहिला. काय पठ्ठ्या होता! सगळा किनारा पायाखाली घातला त्याने, एकेक बांध मोजत.”

बाहेर आल्यावर बाउके पुटपुटला, “वहिनी, माणूस खरा वाटतो.”

“वाटतो खरा,” रिक्स्त म्हणाली.

वाचनालयात दिंगेमान्सबाईंनी पुस्तक काढून दिलं. करड्या कापडावर फक्त ‘एच. ब्रान्ड्स्मा’ एवढंच.

“हे कुणी कुणी वाचलं?” रिक्स्तने विचारलं.

“वाचकांच्या चिठ्ठ्या आम्ही वर्षाअखेर फाडतो, नियमच आहे. प्रत एकच, बाहेर जात नाही. बिचारी एवढं चालली आणि शेवटी घरातच तापाने गेली.”

बाउके भिंतीवरचा भरती-ओहोटीचा नकाशा बघण्यात गुंग होता. रिक्स्तने पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि मिटलं. “बाई, चार वाजता हे घेऊन तुम्हीच समितीपुढे याल?”

बाकावर बसून बाउकेने लेखातली सतरावी तळटीप मोठ्याने वाचली. “हेंड्रिक ब्रान्ड्स्मा, १९३१, पान ८८.” मग प्रबंध उघडला. तिथे मजकुरातच कंसात आडनाव, वर्ष आणि पान. शेवटच्या यादीत ‘ब्रान्ड्स्मा, एच.’

“पानही तेच! पोरगी अडकली, वहिनी.”

“तिच्या पद्धतीत नावाचं एक अक्षर पुरतं, सरांच्या पद्धतीत सबंध नाव लागतं. बाउके, पूर्ण नावाचं अक्षर कुणीही करेल. अक्षराचं पूर्ण नाव कसं करशील?”

“पुस्तकात बघून.”

“आणि पुस्तक हाताशी नसेल तर?”

बाउके सतरावी तळटीप पुन्हा वाचू लागला.

चारला समिती बसली. यिल्डाउ दाराशी उभी होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. दिंगेमान्सबाईंनी आणलेलं पुस्तक रिक्स्तने अध्यक्षांपुढे उघडलं. पहिल्या पानावर नाव होतं हिस्के ब्रान्ड्स्मा आणि समोर छायाचित्र: रबरी बूट घातलेली एक धिप्पाड बाई.

“हा लेखक पुरुष नाही,” रिक्स्त म्हणाली. “मुखपृष्ठावर बाईने फक्त अक्षर ठेवलं, पण आत सबंध नाव आहे. यिल्डाउच्या यादीत नियमाप्रमाणे अक्षरच आलं. तिच्या पानांवरून मजकूर उचलणाऱ्याला तळटिपेसाठी पूर्ण नाव हवं होतं. पुस्तक काढायचा त्याने कंटाळा केला आणि एचवरून हेंड्रिक हे पुरुषाचं नाव ठोकून दिलं.”

एस्केन्स हसले. “छपाईची चूक.”

“सकाळी तुम्ही मला ‘काय पठ्ठ्या होता’ म्हणालात, तीही छपाईचीच? आठवडाभर पुस्तक समोर होतं आणि पहिलं पान उलटलं नाही?”

“मग टिपा वाउटरने...”

“मी नाही, सर!” वाउटर उभाच राहिला. “तुम्ही मला टिपा दाखवल्यासुद्धा नाहीत.”

अध्यक्षांनी प्रबंधावरचा आक्षेप खोडला, लेखाची चौकशी लावली आणि उद्याचा समारंभ अकराला होईल असं सांगितलं.

बाउकेने यिल्डाउच्या पाठीवर थाप मारली. “आता रडतेस कशाला? जिंकलीस की!”

“चार वर्षं प्रत्येक ओळ आधी त्यांना वाचायला दिली, काका,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणावर माझा विश्वासच नव्हता.”