पाखडाचं पीक

टेबलावर धानाच्या एकाच बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यातून, उपटून आणलेली दोन रोपं ठेवली होती. डॉ. मंदाकिनी कापगतेने ती उलटसुलट करून पाहिली. पात्याची रुंदी तीच, रंग तोच, बुंध्याचा बाकही तोच. धानाच्या संशोधनात उमेदीची वर्षं घालवलेल्या या बाईला दोहोंतलं धान कोणतं ते सांगता येईना. शेवटी तिने अंतर्नेत्र चालू केला. पानाच्या अंगच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशावरून ते पान ऊन कसं पचवतं, हे त्या उपकरणाला ओळखता येई. पडद्यावर एक रोप निळं उमटलं, दुसरं केशरी. निळं ते धान. केशरी ते पाखड, म्हणजे धानाच्या शेतात हटकून माजणारं गवत.

"अर्ध्याहून जास्त शेत केशरी आहे," शेजारी उभे असलेले डॉ. विद्याधर सोमण म्हणाले. "शेतकऱ्यांनी यंत्राची निगा राखली नाही, दुसरं काय."

सोमण हे 'हरितनेत्र' कंपनीचे प्रमुख शास्त्रज्ञ, आणि ते यंत्र त्यांचंच अपत्य होतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत पाणी आणि माणसं दोन्ही कमी पडू लागली, तेव्हा लोकांनी रोवणी, म्हणजे चिखलात रोपं लावणं, सोडून कोरड्या रानात थेट धान पेरायला सुरुवात केली. रोवणीत साचलेल्या पाण्याखाली गवत गुदमरतं. पेरलेलं धान मात्र गवताबरोबरच उगवतं, आणि त्या शर्यतीत गवत हरत नाही. म्हणून हे सहा पायांचं, बुटकं निंदणयंत्र, म्हणजे तण काढणारं यंत्र, आलं. त्याचं नाव 'निंदक'. गावात त्या नावावरून पुष्कळ हसं झालं. पण निंदक पेरणीपासून कापणीपर्यंत ओळींमधून फिरे, कॅमेऱ्याने प्रत्येक रोप धानाशी ताडून पाही आणि जुळलं नाही की मुळासकट उपटी.

"निगा नीट राखली, म्हणूनच हे झालं," मंदाकिनी म्हणाली. "निंदकाने धानाहून वेगळं दिसलेलं गवत उपटलं. म्हणजे धानासारखं दिसणारं गवत राखलं. बी त्याचंच पुढे गेलं. वर्षाला दोन पिकं, आणि न थकणारा डोळा. आम्ही नवा वाण काढताना इतकी कडक निवड करत नाही, सर. तुमच्या यंत्राने पाखड मारलं नाही, घडवलं."

सोमणांनी ते नाकारलं नाही. मात्र कंपनीच्या शिफारशीवरून तालुक्याकडून मृदादहनाचा हुकूम निघालेला होता. जमिनीत विषारी वायू सोडायचा, बी, मूळ, गांडूळ, काही म्हणून जिवंत ठेवायचं नाही, आणि मग तीन वर्षं शेत पडीक. सुरुवात ही रोपं जिथून आली, त्या तुळसाबाई लांजेवार यांच्या शेतापासून.

मंदाकिनीने गेल्या हंगामातल्या पिकल्या पाखडाची एक लोंबी उचलून टेबलावर आपटली. एकही दाणा सुटला नाही. जुनं पाखड पिकायच्या आतच बी गाळून मोकळं व्हायचं. पण अशी रिकामी, ताठ लोंबी निंदकाला लगेच ओळखू यायची. उरलं ते दाणा धरून ठेवणारं आणि वजनाने वाकणारं. त्याचा दाणाही चाळणीतून गळू नये इतका, धानाएवढा झाला होता.

"याचं बी आता मातीत नाहीच," ती म्हणाली. "धानाबरोबर कापलं जातं, कणगीत राहतं आणि पेरणीला परत येतं. माती जाळून तुम्ही फक्त माती जाळाल."

सोमणांनी लोंबी बोटांनी चोळून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाले, की हे जाहीर झालं तर एकही निंदक विकला जाणार नाही. हुकूम मागे घेतला जाणार नव्हता.

मंदाकिनीने मग पाखडाचे आणखी दाणे गोळा करून तपासले. विष नव्हतं. असणार तरी कसं, उपासाची भगर याच गोतातली. प्रथिनं धानाहून सरस होती. तिने ते शिजवले, आठवडाभर स्वतः खाल्ले, आणि उरलेले घेऊन ती तुळसाबाईंकडे गेली.

तुळसाबाई एकहाती शेत सांभाळणारी, मोजकं बोलणारी बाई. पाऊस ओढ देऊन बसला होता. तिच्या बांध्यांमध्ये धानाचे शेंडे करपले होते आणि मधलं पाखड हिरवंगार उभं होतं. तिने तो भात खाल्ला, चव बरी आहे म्हणाली, पण तण पिकवणारी म्हणून गाव हसेल ही तिची अडचण होती. मंदाकिनीने तिला सांगितलं, की ओट्स हे धान्यसुद्धा कधीकाळी गव्हातलं तणच होतं. माणसं निंदत राहिली आणि निंदता निंदता पीक तयार झालं.

तुळसाबाई ताट घेऊन उठली. दारातूनच वळून म्हणाली, "मंग कोनाले तण म्हनाचं, ते ठरवनारी कंपनी कोन?"

वायूची गाडी आली त्या सकाळी सोमण आणि तालुक्याचे अधिकारी बांधावर उभे होते. निंदकाच्या नोंदीत तण ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तरच शेत जाळता येईल, असा नियम होता. मात्र राखायचं पीक कोणतं, हे यंत्राला सांगण्याचा हक्क शेताच्या मालकाचा. तुळसाबाईने सर्वांदेखत यंत्रावरची 'धान' ही खूण पुसली आणि मंदाकिनीने दिलेली पाखडाची खूण चढवली.

मंदाकिनीने अंतर्नेत्र लावून दिलेला निंदक बांधीत उतरला आणि धान उपटू लागला.

तुळसाबाईने तोंड फिरवलं. लोंबीवर आलेलं धान उपटलेलं तिला पाहवेना. पण पाखड उपटलं असतं तर हाती अर्धवट करपलेलं धानच उरलं असतं, म्हणून तिने यंत्र थांबवलं नाही. मंदाकिनी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दुपार कलली तेव्हा साऱ्या शेताची नोंद आली: तण नगण्य. अधिकाऱ्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि गाडी परत फिरवायला सांगितली.

सोमण मागे रेंगाळले. ते चिडतील असं मंदाकिनीला वाटलं होतं, पण त्यांच्या डोक्यात वेगळंच काही चाललं होतं.

"निंदकाच्या हातून थोडं धान सुटेलच," ते म्हणाले.

"सुटेल. अंतर्नेत्राला जे पाखडासारखं दिसेल, ते."

धानाने पाखडासारखं, कमी पाण्यात, कडक ऊन पचवावं म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा दोन पिढ्या झटत होत्या. सोमणांची स्वतःची तरुणपणची वर्षं त्यातच गेली होती, आणि हाती काही लागलं नव्हतं.

"म्हणजे या डोळ्याला फसवायचं, तर धानाला..."

"नुसतं सोंग घेऊन भागणार नाही," मंदाकिनी म्हणाली. "पाखडासारखं ऊन पचवावंच लागेल."

"शेकडो हंगाम लागतील त्याला. कदाचित जमणारही नाही."

"लागू द्या," तुळसाबाई म्हणाली, आणि निंदक तिने पुन्हा बांधीत उतरवला.