बाटलीवरची डोलिनामावशी

नोव्हेंबरातल्या एका दुपारी उना मॅकॅस्किल झऱ्याचं पाणी आणायला निघाली. हायलँड्सच्या डोंगराळ मुलखातल्या त्या दरीत हिवाळ्यात चहाच्या वेळेलाच अंधारून येतं, म्हणून ती जरा घाईत होती. खाली जुन्या गोठ्यात तिने आपली दारू गाळायची तांब्याची भट्टी आत्ताच विझवली होती. सकाळपासून गाळलेली जिन कडक उतरली होती. तिच्यात झऱ्याचं पाणी घालून ती मवाळ केली की बाटल्या भरायच्या. नेहमीचंच काम.

वाट जुनिपरच्या काटेरी झुडपांमधून जात होती; जिनला वास आणि चव येते ती याच फळांची. मुळं कुजवणाऱ्या रोगाने ती सगळी गंजलेल्या तारेसारखी तांबूस आणि ठिसूळ झाली होती. यंदा एकाही फांदीला फळ धरलं नव्हतं.

आणि तिथेच तिला आवाज आला. काठी फांदीवर हलकेच आपटल्याचा. ठप... ठप... आणि मग चादरीवर फळं गळावीत तशी बारीक टपटप.

उना थबकली. जुनिपर वेचायची ही जुनी रीत. झुडपाखाली चादर पसरायची आणि काठी हलक्या हाताने मारायची. पिकलेली निळी फळं गळतात, हिरवी पुढच्या वर्षासाठी झाडावर राहतात. दरीत ही रीत शेवटपर्यंत एकाच बाईने पाळली होती, शेजारच्या डोलिनामावशीने. आणि डोलिनामावशी फेब्रुवारीत वारली होती.

"कोण आहे?" उनाने विचारलं.

आवाज थांबला नाही. जरा लगबगीचा झाला, एवढंच. मालकीण आल्याची चाहूल लागली की कामाची बाई हात भरभर चालवते, तसा.

उनाने पाण्याचा कॅन भरला आणि मान खाली घालून ती उतरू लागली. तिला भीती वाटत होती. पण मान खाली गेली होती ती भीतीने नव्हे.

डोलिनामावशी मोठी गमतीची बाई. चहा पिता पिता सांगायची, "माझ्या पणजीच्या पणजीने वेचलेली फळं पोत्यांनी हॉलंडला गेली. तिकडे त्यांची दारू झाली. ती कला लंडनला पोचली आणि तिथल्या बाया पिऊन पिऊन खुळ्या झाल्या. आणि आमची पणजी? ती इथे ताक पीत बसली! तेव्हा पोरी, लाव माझा फोटो बाटलीवर. आमच्यातलं कोणीतरी जिनपर्यंत पोचलं म्हणायचं."

उनाने तो हसरा चेहरा लेबलवर छापला. खाली ओळ घातली, 'प्रत्येक फळ आमच्याच डोंगरातलं, डोलिनाच्या हातचं.' बाटल्या लंडनपर्यंत गेल्या.

शेवटच्या दुखण्यात मावशीने तिचं मनगट धरलं होतं.

"झुडपं आता देणार नाहीत. माझा चेहरा काढ हं बाटलीवरून. मेल्यावर खोटं बोलायला मला नाही जमायचं."

"काढते, मावशी," उना म्हणाली होती.

काढला नाही. लेबलांचे गठ्ठे छापून पडले होते. नाताळ तोंडावर होता. परदेशातून आलेली वाळकी फळं पोत्यात तयार होती. चव कोणाला कळतेय, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

गोठ्यात येऊन तिने दिवा लावला. काचेच्या भांड्यात थोडी जिन घेतली आणि वरून झऱ्याचं पाणी सोडलं. बघता बघता जिन दुधासारखी पांढरी झाली.

फळं जास्त पडली, त्यांचं तेल जास्त उतरलं, की जिन अशी फाटल्यासारखी दिसते. नवशिक्यांच्या हातून होतं. पण उनाने तर सकाळी फळं घालताना हात आखडता घेतला होता...

तिने भट्टीच्या वरच्या अंगाची, फळं ठेवायची जाळी उघडली. तांबं अजून चटका देत होतं. आत जुनिपर काठोकाठ भरलेलं होतं. टपोरी, निळी, ताजी फळं. तिने बोट लावलं. ती बर्फासारखी गार होती. आणि पुष्कळ फळांना सुकलेलं रक्त लागलं होतं. जुनिपरचे काटे सुईसारखे असतात. वेचणाऱ्याची बोटं सोलून निघतात.

उनाला रडू फुटलं. मावशी बदला घ्यायला आली नव्हती. उनाने लेबलवर तिच्या नावाने दिलेला शब्द खरा करायला, मेलेल्या झुडपांवर काठी मारत ती राबत होती.

तेवढ्यात फोन वाजला. तिची जिन विकणारा इनव्हर्नेसचा दुकानदार, रुअरी.

"काय गं उना, यंदा हाताला जादू आलीय का? तू पाठवलेली बाटली उघडली. डोंगर नाकात शिरला! नाताळासाठी दुप्पट पाठव."

"रुअरी... ती फळं आमची नाहीत. पोत्यातली आहेत. आमची झुडपं मेली."

"मग? लेबल कोण वाचतं?"

"डोलिनामावशीही गेली."

"माहितेय बाई, मयताला येऊन तुझे सँडविच मीच संपवले ना? खाली 'तिच्या आठवणीत' असं टाक. मेलेली म्हातारी जिवंत म्हातारीपेक्षा जास्त खपते."

सवयीने उना हसली. हसली आणि त्याच क्षणी बाहेर काठीचा आवाज एकदम जवळ आला, कुंपणापाशी.

"नाही," ती घाईने म्हणाली. "तिचा चेहरा मी लेबलवरून काढतेय. आजच."

"मग राहू दे. म्हातारी नसलेली जिन इथे वाटेल तेवढी मिळते." रुअरीने फोन ठेवला. वर्षभर ज्या मागणीवर भट्टी चालायची, ती गेली.

काठी थांबली होती.

उनाने बाटल्या कोमट पाण्यात बुडवल्या आणि लेबलं नखांनी खरवडून काढली. उरलेले गठ्ठे शेगडीत घातले. किती तरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

मग दार हललं.

टकटक नव्हती. दोन्ही हात भरलेले असले की माणूस कोपराने दार ढकलतं, तसा तो धक्का होता.

"मावशी..." ती दाराशी गेली. "काढलं गं मी सगळं... पुरे आता..."

पण सगळं कुठे काढलं होतं? एडिंबरोत, लंडनमध्ये, तिने कधी न पाहिलेल्या घरांच्या कपाटांत त्या बाटल्या उभ्या होत्या. तिथे मावशी अजून हसत होती, अजून 'डोलिनाच्या हातचं' असा शब्द देत होती. ते शब्द उना कुठून कुठून परत आणणार होती?

दार पुन्हा हललं. या वेळी धक्का कमरेच्या उंचीवर बसला. थोड्या वेळाने पुन्हा, गुडघ्यापाशी, ओझ्याखाली कोणी खचत चालल्यासारखा.

उनाने कडीवर हात ठेवला. पण कडी काढली नाही.

त्यानंतरचा धक्का अगदी खाली, उंबरठ्याला लागून आला. हळू, पण काम पुरं केल्याशिवाय न थांबणाऱ्या बाईचा.