दुसरं भांडं

आमची भित्री त्या सकाळी खुराड्यातून गायब झाली आणि मागच्या गल्लीत नव्यानेच उघडलेल्या सुताराच्या शेडमध्ये सापडली. रंध्याच्या कुरळ्या भुशाने भरलेल्या खोक्यात ती ऐसपैस बसली होती. तिच्यासमोर एक उंच माणूस हातातली पटाशी तशीच धरून, काम थांबवून उभा होता.

"ती कोंबडी आमची आहे," मी दारातूनच ठणकावलं.

"श्श..." तो हळूच म्हणाला. "अंडं घालतेय."

मला कोणी गप्प केल्याला बारा वर्षं झाली असतील. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तेव्हापासून आमच्या घरात इतरांना गप्प करण्याचं खातं माझ्याकडे आहे. पण का कोण जाणे, मी गप्प राहिले. शेडमध्ये ताज्या कापलेल्या लाकडाचा गोडसर वास भरला होता. एका कोंबडीपुढे हात बांधून आम्ही दोघं उभे होतो, निकाल लागायची वाट बघत असल्यासारखे. दहा मिनिटांनी भित्री उठली, स्वतःचं कौतुक करत जोरात ओरडली आणि माझ्या पायांमधून बाहेर पळाली.

त्याने अंडं उचललं. "कोंबडी तुमची, खोकं माझं. मग अंडं कोणाचं?"

"जिने घातलं तिचं," मी म्हटलं, त्याच्या हातातून अंडं घेतलं आणि चालू लागले. अंडं गरम होतं. त्याची बोटंही गरम होती, पण ते मला घरी आल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी भित्री पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी वेणी नीट घालून कोंबडी शोधायला निघाले, तेव्हा धाकटा भाऊ पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "कोंबडीच शोधायला चाललीस ना, ताई?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा पेपरात गेला.

आमच्या घरात माणसं चार आणि परसात कोंबड्या सहा. बाबा, धाकटा, दोन वर्षांपूर्वी घरात आलेली धाकट्याची बायको आणि मी. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. उरलेल्या वेळात घर बसवते. बाबांच्या गोळ्या, किराणा, दुधाचा हिशेब, कपाटाची किल्ली, सगळं माझ्याकडे. भावजय तशी गुणी, फक्त फार अबोल. निदान मला तेव्हा तसं वाटायचं. जेवायलाही ती शेवटी बसायची आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना विचारायची, "ताई, घेऊ का?"

कोंबड्यांत सगळ्यात थोराड ती लालभडक तुऱ्याची. तिचं नाव धाकट्याने ठेवलं होतं, हेडबाई. माझी ती लाडकी. आकाशात घार दिसली की पहिली हाक तिची. दोघी भांडल्या की मध्ये पडायची ती. माझ्या पाठीमागे धाकटा मलाही हेडबाईच म्हणतो, हे मला ठाऊक होतं. मी ते मनावर घेतलं नव्हतं. उलट थोडी खूषच होते.

"तुमची ही भित्री माझ्याकडे का येते, माहीत आहे?" पाचव्या दिवशी सुताराने विचारलं.

"तुमचा भुसा आवडला असेल."

"भुसाच ना?" तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त बारीक व्हायचा. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईचं अशा गोष्टींकडे लक्ष जातंच, त्यात दुसरं काही नाही. "एकदा बघायला येऊ का? आमच्या आईकडे चाळीस कोंबड्या होत्या. माझं बालपण त्यांच्यातच गेलं."

संध्याकाळी तो आला आणि परसात पालथ्या बादलीवर बसला. अर्धा तास नुसता कोंबड्या बघत राहिला. मी खाण्याचं भांडं ठेवलं तशी हेडबाई पुढे झाली. मग दुसरी, मग तिसरी, प्रत्येकीचा नंबर ठरलेला. भित्री मान लांब करून कडेने आली, तर हेडबाईने तिच्या डोक्यावर टोच मारली. भित्री मागे सरली. पुन्हा आली, पुन्हा टोच.

"बघा," तो म्हणाला. "अंडी घालायच्या खोक्यापाशीही हेच होत असणार. म्हणून ती गल्ली ओलांडते."

"कळपात कोणीतरी वरचढ असावंच लागतं," मी म्हटलं. "नाहीतर नुसता गोंधळ."

"असावंच लागतं. मी कुठे नाही म्हणतोय?"

"मग हेडबाईला दुष्ट ठरवू नका."

"दुष्ट नाहीच ती." त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "तिला वाटतं भांडं एकच आहे. भांडं एकच असलं की राखण करत बसावं लागतं. ती स्वतः कितीसं खाते, पाहिलंत कधी?"

मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. हेडबाई एक दाणा टिपायची आणि दोनदा मान वर करायची.

पुढच्या आठवड्यात त्याने एक लांबट लाकडी भांडं करून आणलं, परसाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला. मग खुराड्यातली दांडी रुंद केली. मग दार नीट बसवलं. मग... दुरुस्त करण्यासारखं काहीच उरलं नाही, तरी तो येत राहिला. भावजय न सांगता दोन कप चहा बाहेर आणून ठेवायची आणि खाली बघत आत जायची. माझ्या हातून दुकानात दोन काचा उलट्या बसल्या. मालक म्हणाले, "स्वतःचे डोळे तपासून घ्या एकदा."

हेडबाई मात्र दोन्ही भांड्यांची राखण करायला लागली. या टोकाकडून त्या टोकाकडे नुसती पळापळ.

"हिला पाच दिवस वेगळं ठेवावं लागेल," तो म्हणाला. "बाकीच्यांना दिसणार नाही अशा जागी. मधल्या काळात त्या आपापलं बसवून घेतात. ही परत आली की हिला नव्याने जागा शोधावी लागते."

"म्हणजे तिची जागा जाते!"

"एक जागा जाते," तो म्हणाला. मग बराच वेळ हातातला खिळा बोटांत फिरवत राहिला. "तुम्हाला एक विचारायचं होतं... माझ्याकडे याल का? म्हणजे... कायमच्या."

खरं सांगते, त्या क्षणी मला हो म्हणायचं होतं. आणि तोंडातून आलं ते भलतंच. "घर सोडून?"

"बावीस पावलं आहेत. मी मोजलीत."

"प्रश्न पावलांचा नाही. मी नसले तर हे घर एक दिवस चालणार नाही."

त्याने वाद घातला नाही. घातला असता तर मी जिंकले असते. "परवा सांगत होतात ते तुमच्या दुकानाचं पाच दिवसांचं प्रशिक्षण," तो एवढंच म्हणाला, "तीन वर्षं टाळताय ना? या वेळी जाऊन या. हेडबाई माझ्याकडे राहील. उत्तर आल्यावर द्या."

मी गेले. जाताना भावजयीला दोन पानी यादी दिली, आणि स्टँडवरून आणखी तीन गोष्टी फोनवर सांगितल्या.

पहिल्या दिवशी मी घरी सात फोन केले. तिसऱ्या दिवशी दोन. शेडमध्ये मात्र रोज एक, कोंबडीची चौकशी करायला.

"जेवली का ती?"

"पहिल्या दिवशी नाही. मला दोनदा टोचली. पाठवणारीचा राग माझ्यावर."

"आणि आता?"

"आता झोपलीय. भर दुपारी, पाय पसरून." त्याचा आवाज खाली आला. "तुम्ही झोपता का नीट तिथे?"

"तुम्ही कोंबडीचं सांगा."

"कोंबडीचंच तर विचारतोय," तो म्हणाला, आणि मी एकटीच त्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात हसत उभी राहिले.

चौथ्या दिवशी तिथल्या जेवणघरात मी ताट घेऊन रांगेत होते. वाढणारी बाई दुसऱ्याच कामात होती. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "ताई, थोडं आणखी घेऊ का?" आणि मी जागीच थांबले. हा प्रश्न मी दोन वर्षं रोज ऐकत होते, स्वतःच्या घरात, स्वतःच्या भावजयीकडून. आणि दर वेळी मी "घे की" म्हणत होते, जणू भांडं माझंच होतं. मला लाज वाटली.

परतले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. दारातच हसण्याचा आवाज आला, मोठा, खळखळून. आमच्याकडे इतकं मोठ्याने कोण हसतंय म्हणून मी आत डोकावले, तर भावजय! बाबा तिला कसलीतरी गोष्ट सांगत होते, धाकटा भांडी विसळत होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाबांच्या अक्षरात गोळ्यांच्या खुणा होत्या. एकही चुकली नव्हती. डब्यांच्या जागा बदलल्या होत्या आणि घर व्यवस्थित चालू होतं.

कोणी म्हणेल, आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. बारा वर्षं मी ज्या खांबाला घट्ट धरून उभी होते, त्याच्यावर छत नव्हतंच की काय, असं वाटलं. बॅग तशीच टाकून मी परसात गेले.

तो फाटकातून आत येत होता, हेडबाईला काखेत घेऊन. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिला खाली सोडलं.

हेडबाई तोऱ्यात पहिल्या भांड्याकडे गेली. तिथे आता दोन नंबरची होती. तिने सरळ टोच मारली. हेडबाई थबकली, मी धावले, पण त्याचा हात माझ्या पुढे आडवा झाला. "थांबा... तिचं तिला बघू द्या."

हेडबाईने पुन्हा मान ताठ केली, पुन्हा टोच खाल्ली. मग ती वळली आणि परसाच्या दुसऱ्या टोकाला गेली. लाकडी भांड्यापाशी भित्री खात होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. भित्री जरा सरकली, पण पळाली नाही. हेडबाई खायला लागली. दाणे टिपत राहिली, टिपत राहिली, मान वर न करता. पोट भरल्यावर ती कोपऱ्यातल्या कोरड्या मातीत गेली, खड्डा केला, अंग टाकलं आणि पंख पसरून मनसोक्त लोळली. एवढ्या वर्षांत मी तिला लोळताना कधी पाहिलं नव्हतं.

"तिची जागा गेली," मी म्हटलं. डोळे पुसायचंही राहिलं.

"हो. पण बघा ना तिच्याकडे."

मी बघत होते. मागे दारात भावजय उभी होती, हातात चहाचे दोन कप. मी कमरेची कपाटाची किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बावीस पावलांवरच्या शेडकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. रात्रीची भाजी मी करते."

"मीठ..." मी सुरुवात केली, आणि ओठ मिटले. ती हसली. तसंच, मघासारखं, मोठ्याने.

फाटकातून बाहेर पडून आम्ही गल्ली ओलांडली. मी मनात मोजत होते. माझी पावलं सव्वीस भरली.

"बावीस म्हणाला होतात."

"मी घाईत मोजली होती."

शेडमागच्या त्याच्या खोलीचं दार उघडंच होतं. एका फळीवर एक ताट, एक वाटी, एक पेला. मी दारातच उभी राहिले.

"भांडं एकच आहे तुमच्याकडे," मी म्हटलं.

"हो."

"दुसरं आणावं लागेल."

उत्तर कळलं होतं त्याला, तरी डावा डोळा बारीक करून त्याने विचारलं, "किती लांब ठेवायचं? या टोकाला एक, त्या टोकाला एक?"

"ते कोंबड्यांसाठी," मी म्हटलं. "आपली शेजारी शेजारी ठेवा."