वर चढलेलं निळं पाणी

"आई उद्या राजीनामा देणार!" वकील धापा टाकत आला आणि जिन्याच्या पायरीवर बसला.

टाचणीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "मावशी? राजीनामा? शक्यच नाही!"

"माझ्या कानांनी ऐकलंय. कारखान्याच्या साहेबांना फोनवर सांगत होती. आणि साहेब नको म्हणाले नाहीत!"

वकील हा मावशीचा मुलगा. बोलता यायच्या आधीपासून तो वाद घालतो, असं घरात सगळे म्हणत. टाचणी त्याची मावसबहीण. अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी. तिच्या मागे मागे असायचा तो तिचा धाकटा भाऊ, म्हणून तो शेपूट. तिघांनी सुट्टीचे केवढे बेत आखले होते! गेल्या आठवड्यात ते सगळे बारगळले.

मावशी कॉम्प्युटरच्या पेट्या बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइन करायची. पूर्ण आकाराचा मदरबोर्ड घ्यायचा, त्याला पाण्याने थंड ठेवणारा पंप, नळ्या आणि रेडिएटर जोडायचा, आणि हा सगळा संसार दप्तराएवढ्या पेटीत बसवायचा! लोक हसले होते. मावशीने पुठ्ठ्याचे नमुने कापून कापून ते जमवलं. पहिली चालती पेटी शोरूममध्ये लागली. आणि गेल्या आठवड्यात तिच्यातली नळी सुटली, पाणी पेटीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर पडलं, जाळ झाला. जोडणीचं काम करणारे तारकाका धावले. पेटता प्लग त्यांनी उजव्या हाताने उपटला. हात इतका भाजला की डॉक्टर अजून काही धड बोलत नव्हते.

तेव्हापासून मावशी ताटावर नुसती बसून उठायची. "माझ्या पेटीने त्यांचा हात खाल्ला," एवढंच म्हणायची. टाचणीला मोठेपणी मावशीसारखंच व्हायचं होतं. ते वाक्य ऐकलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

"आपण ती पेटी बघू या," टाचणी म्हणाली.

"आईनेसुद्धा बघितली नाहीये. तिला बघवत नाही."

"म्हणूनच आपण बघायची!"

पेटी कारखान्यामागच्या भंगारात आडवी पडली होती. जळक्या प्लॅस्टिकचा वास नाकात बसत होता. घरातले पुठ्ठ्याचे नमुने मुलांना तोंडपाठ होते, त्यामुळे पंप खाली येईल अशी पेटी त्यांनी बरोब्बर उभी केली. काजळी, वितळलेल्या तारा, आणि आतल्या पत्र्यावर वाळलेला निळा ओघळ. नळ्यांतलं पाणी निळं असायचं.

"ताई, हे पाणी वर का गेलंय?" शेपटाने विचारलं.

"पाणी कधी वर जातं का रे?"

"मग बघ ना तूच!"

टाचणीने वाकून पाहिलं. ओघळ खाली पंपाजवळच्या सुटलेल्या नळीपासून निघाला होता आणि सरळ वर विजेच्या डब्यात शिरला होता!

"हे होऊच शकत नाही!" वकील ओरडला. "आईने मुद्दाम पंप सगळ्यांत खाली आणि विजेचा डबा सगळ्यांत वर ठेवलाय. नळी सुटलीच तर पाणी जमिनीवर पडेल, विजेवर नाही. मला सांगून सांगून तिने कान किटवलेत!"

 मग टाचणीने पेटी धरली आणि डोक्यावर उलटी उभी केली. आता ओघळ चांगल्या पाण्यासारखा वरून खाली आला होता. पेटी पुन्हा कलती करून शेपटाने झाकणावरची काजळी खरवडली, तिथे चार कोपऱ्यांत गोंदाचे गोल डाग होते.

"रबराचे पाय!" टाचणी कुजबुजली. "कुणीतरी पाय काढून झाकणावर चिकटवले. पेटी उलटी चालत होती!"

वकील बोटाने पंप दाखवू लागला. "पंप वर गेला की नळ्यांतली सगळी हवा त्यात जमते. तो नुसता गरगरतो, पाणी हलतच नाही. मग ते तापत जातं, नळी मऊ पडते..."

"आणि सुटते. चल, मावशीला सांगू!"

"नुसत्या डागांवर? साहेब म्हणतील, घरचीच पोरं, बाजू घेणारच! ज्याने हे केलं, त्याच्याच तोंडून यायला हवं."

पेटी मांडायचं काम शोरूम सांभाळणाऱ्या गृहस्थांचं. मुलं त्यांना चकचकीत म्हणत. त्यांचे बूट चकचकीत, केस चकचकीत, बोलणं तर विचारूच नका! दुसऱ्या दिवशी मावशी साहेबांच्या खोलीत गेली आणि तिघं शेजारच्या शोरूममध्ये शिरली. वकिलाच्या हातात पुठ्ठ्याचा नमुना होता. त्याच्या डाव्या बाजूला काचेच्या जागी पारदर्शक कागद लावलेला होता.

"काका, शाळेच्या प्रदर्शनात हा मांडायचाय," वकील साळसूदपणे म्हणाला. "पण आमचं टेबलही तुमच्यासारखंच, डावीकडे भिंत. काच भिंतीकडे जाते. मांडणी तुमच्याइतकी कुणाला जमत नाही, म्हणून आलो."

चकचकीत खुलले. "अरे, एवढंच ना! आण इकडे." त्यांनी नमुना उचलला, झटकन उलटा केला आणि टेबलावर ठेवला. काच दाराकडे आली. "बघ! रबराचे पाय उपटायचे आणि झाकणावर चिकटवायचे. तुझ्या आईची पेटी मी अशीच ठेवली होती. येणारा माणूस काच बघूनच थांबायचा!"

"पण काका, तिला वर आणि खाली असतं ना?"

"पेटीला कसलं आलंय वर-खाली? पेटी ती पेटी!"

"अशीच ठेवली होती?"

हे साहेब होते. शेपटाने केव्हाच मधलं दार उघडून धरलं होतं. साहेबांच्या मागे मावशी उभी होती. तिने त्या उलट्या नमुन्याकडे पाहिलं आणि पुढे होऊन तो सुलटा केला. चकचकीत हसत होते. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. टाचणीला वाटलं होतं, आता खूप आनंद होईल. झाला नाही. त्या माणसाने काही वाईट मनात आणलंच नव्हतं, आणि तरी एक हात जळला होता.

साहेबांनी भंगारातली पेटी आणवली, डाग पाहिले. "शाबास!" ते म्हणाले. "ही पेटी मी स्वतः बघायला हवी होती. बाई, राजीनाम्याचं आता विसरा."

 मुलांना घेऊन मावशी तडक दवाखान्यात गेली.

तारकाका उशीला टेकून बसले होते. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत. मावशीने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "उलटी ठेवली त्यांनी. पण कुणी ती उलटी ठेवू शकतो, हे मला सुचायला हवं होतं, काका. तेवढी चूक माझीच."

काकांनी पट्टीतला हात किंचित उचलला. "डॉक्टर सकाळी बोलले. दोन बोटं परत वळायची नाहीत."

टाचणीला रडू फुटलं. काकांनी डाव्या हाताने तिला जवळ ओढलं. "रडतेस काय? आम्ही मोठे नुसते जाळाबद्दल बोलत बसलो, तुम्ही वाकून बघितलंत. भले शाबास!" मग त्यांनी मावशीला विचारलं, "आता पुढची पेटी?"

"तिचं झाकण उतरतं करणार. उलटी ठेवली की कलंडायलाच हवी." मावशी अडखळली. "पण जोडणी तुमच्याशिवाय कोण करणार?"

"या हाताने?"

"हात माझे घ्या. कुठली तार कुठे, ते तुम्ही सांगायचं."

काकांनी मान डोलावली. "रागवेन मात्र हं," ते म्हणाले. "तार वाकडी गेलेली मला खपत नाही."

"रागवा," मावशी म्हणाली, आणि गेल्या आठवड्यापासून डोळ्यांत अडलेलं पाणी तिने पहिल्यांदाच वाहू दिलं.