एक्केचाळीस नंबरची नळी

प्रयोगशाळेत तिला सगळे चाळण म्हणत. जनुकांच्या आकड्यांत कुठे नळ्यांची अदलाबदल झालेली असली, तर तिच्या नजरेतून सुटायची नाही. तिची रीत साधी होती. दर खेपेला शहाण्णव नळ्यांत दोन घरच्या असत: एक तिच्या रक्ताची, एक नवऱ्याच्या. तो तिथंच यंत्र चालवायचा. दोघांचे आकडे तिला तोंडपाठ होते. ते बरोबर आले की ती निर्धास्त.

त्या सकाळीही ते बरोबर आले. फक्त एक्केचाळीस नंबरचा नमुना निम्मा तिच्याशी जुळला, निम्मा नवऱ्याशी. म्हणजे दोघांचं मूल. मूल होतं खरं, पण अजून तिच्या पोटात, सहाव्या महिन्याचं.

"नळ्या एकमेकींत सांडल्यास तू," ती म्हणाली.

"माझ्यावर कशाला ढकलतेस? भेसळ दिसतेय का बघ की."

भेसळ नव्हती. एकाच माणसाचं स्वच्छ रक्त होतं. तिनं रक्त घेणाऱ्या नर्सला फोन लावला.

"तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी गटातल्या आजी आहेत त्या," नर्स म्हणाली. "सत्तरीच्या, पण तब्येत खणखणीत."

"ताई, पुन्हा एकदा रक्त घ्याल त्यांचं?"

चार दिवसांनी नवी नळी आली. उत्तर तेच.

नवऱ्याच्या रक्तात एक दोष होता. त्याच दोषानं त्याची आई चाळिशीत गेली होती. बाळाची तपासणी करायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं, आणि तेव्हापासून ती रोज पोटावर हात ठेवून त्याच भीतीनं उठायची. आता तिनं आजींच्या आकड्यांतली नेमकी ती जागा उघडली.

दोष नव्हता.

हे अशक्य आहे, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तरी तिला रडू येईल इतका आनंद झाला. सत्तर वर्षं, आणि तब्येत खणखणीत.

तेवढ्यात नर्सचा फोन आला. "आजी तुमची चौकशी करत होत्या. कॉम्प्युटरवरच्या बाई बऱ्या आहेत ना, म्हणाल्या. ओळखता का तुम्ही त्यांना?"

"नाही. त्यांचा अर्ज पाठवता का?"

अर्ज आला. अक्षर नीटनेटकं होतं. जन्मतारीख कोरी.

आईच्या रकान्यात लिहिलं होतं: माझ्या जन्माच्या वेळी गेली. वय चौतीस.

तिला चौतीस पूर्ण व्हायला अजून सोळा दिवस होते.